वऱ्हाडांतील भाडेपट्टा : मुदत, नोटीस आणि भाडें

सन १९०२ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ५ तारखेस एक भाडेपट्टा झाला. पट्टा करून देणारे होते हैदराबादचे निजाम मीर महबूब अली खान, घेणारें होतें हिंदुस्थानचें ब्रिटिश सरकार, आणि पट्ट्यानें दिलेली जागा एखादी हवेली किंवा आमराई नसून अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, बाशीम व वणी या सहा जिल्ह्यांचा सबंध वऱ्हाड प्रांत होती. भाडें सालीना २५ लाख रुपये ठरलें. मुदत ठरली नाहीं. पट्टा कायमचा होता.

कोणत्याहि भाडेपट्ट्यांत तीन गोष्टी पाहावयाच्या असतात : जागा, भाडें आणि मुदत. मुदत संपली म्हणजे चौथी गोष्ट उभी राहते, ती जागा परत मिळण्याची रीत. १९०२ च्या करारानें तिसरी गोष्ट गाळून चौथीची वाटच बंद केली. मुदतच नाहीं, तर ती संपणार कधीं, आणि नोटीस द्यावयाची ती कोणत्या तारखेची?

हें असें कां झालें तें कळण्यास पन्नास वर्षें मागें जावें लागतें. निजामाच्या राज्यांत ठेवलेल्या कंटिंजंट फौजेचा पगार थकला होता. त्या कर्जापोटीं व पुढील पगाराच्या हमीसाठीं १८५३ सालीं, लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दींत, वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत देण्यांत आले. सार्वभौमत्व निजामाचें, कारभार इंग्रजांचा. १८६० मध्यें धाराशिव व रायचूर परत गेले, जुनें कर्ज माफ झालें; वऱ्हाड मात्र राहिलें. खर्च भागून जी शिल्लक राहील ती निजामास द्यावी असें ठरलें होतें. परंतु खर्च किती करावा हें ज्याच्याकडे ताबा तोच ठरवी, तेव्हां शिल्लक किती उरावी हेंहि त्याच्याच हातीं राहिलें. दिवाण सर सालारजंग यांनीं वऱ्हाड सोडवून घेण्याची खटपट वर्षानुवर्षें केली. १८७६ सालीं ते विलायतेसहि जाऊन आले. उपयोग झाला नाहीं. वऱ्हाडांतील कोणत्याहि सावकारास हा व्यवहार तेव्हांच ओळखूं आला असता. १८५३ पासून १९०२ पर्यंत तो गहाणाच्या जातीचा होता, आणि गहाण पैसे फेडून सोडवितां येतें. १९०२ मध्यें गहाणाचा पट्टा झाला. तो कायमचा असल्यामुळें सोडविण्याचा हक्कच उरला नाहीं. शिवाय त्या २५ लाखांतूनहि आधींच्या कर्जांच्या फेडीसाठीं कांहीं रक्कम कापली जाई, ती निराळीच.

१९२३ सालीं पुढचे निजाम मीर उस्मान अली खान यांनीं वऱ्हाड परत मागितलें. त्यांस २७ मार्च १९२६ रोजीं लॉर्ड रीडिंग यांनीं जें उत्तर धाडलें तें पट्ट्याच्या कलमांपाशीं थांबलें नाहीं. ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानांत सर्वश्रेष्ठ आहे, आणि कोणाहि संस्थानिकास तिच्याशीं बरोबरीच्या नात्यानें वाटाघाट करतां येणार नाहीं, असा त्याचा मथितार्थ होता. भाडेकरूनें घरमालकास बजावावें कीं, भाडें मिळत राहील, पण आपण आमचे मांडलिक आहांत हें विसरूं नये, तशांतलाच हा प्रकार. १९३६ च्या नव्या करारानें निजामांच्या पदवींत वऱ्हाडचें नांव घातलें गेलें, त्यांच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणूं लागले, आणि कारभार पूर्वींप्रमाणें मध्यप्रांताबरोबरच चालू राहिला. पदवी मालकाची, ताबा भाडेकरूचा.

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं ती सर्वश्रेष्ठ सत्ताच गेली. पट्टा घेणाराच निघून गेला, आतां घर कोणाचें, हा प्रश्न तेव्हां अमरावती-अकोल्याच्या बैठकींतून खरोखरीच विचारला जात होता. महाराष्ट्र आणि वऱ्हाड येथील पुढाऱ्यांचा अकोला करार ८ ऑगस्ट १९४७ चा, म्हणजे त्याच अनिश्चित दिवसांतला. पुढें सप्टेंबर १९४८ मध्यें भारतीय फौजा हैदराबाद संस्थानांत शिरल्या, आणि २६ जानेवारी १९५० पासून वऱ्हाड हें भारताच्या घटनेखालीं मध्यप्रदेश राज्याचा भाग झालें. ना नोटीस, ना ताबेपावती.

प्रांताचा पट्टा असा राजकारणानें निकालांत काढला. परंतु त्याच प्रांतांत शेतांचे, घरांचे, दुकानांचे हजारों लहान पट्टे होत होते, आणि त्यांना मुदत होती. ती तारीख उलटली म्हणजे पट्टा आपोआप संपतो कीं कोणी कोणास कळवावें लागतें? आणि त्या तारखेनंतर भाडेकरूनें जे पैसे दिले, त्यांस भाडें म्हणावयाचें कीं आणखी कांहीं? हे प्रश्न राजेरजवाड्यांचे नव्हेत, घरोघरचे आहेत. आणि वऱ्हाडांत त्यांचीं उत्तरें गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांत अनेकदां बदललीं.

शेताचें उत्तर सर्वांत जुनें व सर्वांत आंखूड होतें. शेताचा व्यवहार बहुधा एका सालाचा असे. गुढीपाडव्यास साल फिरतें. सालदाराची बोली त्याच सुमारास होते, आणि बटईनें किंवा मक्त्यानें दिलेल्या शेताचा हिशेबहि तेव्हांच होतो. बटईंत पिकाचा वाटा द्यावयाचा, मक्त्यांत ठरलेली रक्कम, एवढाच काय तो फरक. इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली तेव्हां सरकारदप्तरीं नांव लागलें तें खातेदाराचें. त्याच्या खालीं प्रत्यक्ष नांगर धरणाऱ्या बटईदारापाशीं सालाच्या बोलीखेरीज कांहीं नव्हतें. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यानें भाडेपट्ट्यांचे नियम घालून दिले, पण शेतीचे पट्टे सरकारनें मुद्दाम लागू केल्याखेरीज त्या नियमांबाहेरच ठेवले. साल संपलें कीं हक्क संपला. लेखी नोटिशीचा प्रश्न येत नसे. पाडवा हीच नोटीस होती.

हें चित्र बदललें तें १९५१ मध्यें. वऱ्हाड तेव्हां मध्यप्रदेशांत होतें. त्या सरकारनें खास वऱ्हाडासाठीं शेतीच्या पट्ट्यांचा कायदा केला, आणि बोली एका सालाची असली तरी कायद्याच्या दृष्टीनें पट्टा पांच वर्षांचा धरावा असें ठरविलें. उभयतांनीं ठरविलेली मुदत बाजूस सारून कायद्यानें आपली मुदत घालावयाची, ही कल्पना वऱ्हाडच्या शेतकऱ्यास नवी होती. १९५६ सालीं वऱ्हाड मुंबई राज्यांत आलें. ३० डिसेंबर १९५८ पासून विदर्भाचा कुळकायदा सुरू झाला, आणि त्या कायद्यांतील अटी पुऱ्या होत असतील तेथें १ एप्रिल १९६१ रोजीं कूळ हेंच कसत असलेल्या जमिनीचें मालक झालें. मधल्या काळांत राजीनाम्यांची वाट उरली होती. कुळानें आपण होऊन जमीन सोडली असें दाखविलें कीं मालकाचें काम होई. म्हणून राजीनामा लेखी असावा आणि तो खुशीचा आहे अशी अधिकाऱ्यानें खात्री करून घ्यावी, असा निर्बंध कायद्यानें घातला. ज्यांनीं हा निर्बंध घातला त्यांना गांवची रीत चांगलीच ठाऊक असली पाहिजे. त्याचा दुसरा परिणामहि झाला. कागद केला तर शेत जाईल या भीतीनें मालक कागदच करीनासे झाले. आजहि शेत बटईनें दिलें जातें, पण बहुधा तोंडी आणि पुन्हां एकाच सालापुरतें; नुकसानभरपाई किंवा पीककर्ज मिळण्याची वेळ आली म्हणजे बटईदाराचें नांव कोणत्याच कागदावर सांपडत नाहीं.

शहरांतील घरांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत मुंबईहून नागपुराकडे जाणारा लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून गेला, आणि कापसाच्या व्यापारानें हीं शहरें वाढलीं. जिनें व प्रेस उभे राहिले. अडते, दलाल, मुनीम आले. अमरावती हें कमिशनरचें ठाणें, तेव्हां कचेऱ्या, कारकून आणि वकील आले. १९२३ सालीं तेथें किंग एडवर्ड कॉलेज निघालें, तेव्हां प्राध्यापक आणि खोली शोधणारे विद्यार्थी आले. यांतील बहुतेकांचें स्वतःचें घर येथें नव्हतें. वाड्याच्या पुढच्या भागांत मालक, मागच्या चौकांत दोन-तीन बिऱ्हाडें, अशी वस्ती होऊं लागली. मालक म्हणजे नेहमीं मोठा धनिकच असे असें नाहीं. नवऱ्यामागें एक वाडा तेवढा हातीं राहिलेली आणि दोन बिऱ्हाडांच्या भाड्यावर संसार चालविणारी विधवा हीहि मालकच. भाडेपट्ट्याच्या कायद्याचा विचार करतांना तिची आणि बदलीच्या कारकुनाची, दोघांचीहि आठवण ठेवणें बरें.

या बिऱ्हाडांस पुढें १८८२ चा कायदा लागू झाला, आणि त्याची मूळ रचना साधी होती. पट्ट्यांत मुदत ठरलेली असेल तर ती संपतांच पट्टा आपोआप संपतो. मालकानें नोटीस देण्याची जरूर नाहीं. भाडेकरूनें जागा मोकळी करून मालकाच्या हवालीं करावी. मुदत ठरलेली नसेल आणि घर राहण्यासाठीं असेल तर पट्टा महिन्यामहिन्याचा समजावा, आणि तो संपविण्यास पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठीं जागा दिली असेल तर पट्टा सालोसालचा, आणि नोटीस सहा महिन्यांची. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याची नोंदणी झालीच पाहिजे. या शेवटच्या नियमांतून अकरा महिन्यांची भाडेचिठ्ठी जन्मास आली. नोंदणीचा खर्च व खेप चुकविण्यासाठीं लोकांनीं वर्षांतला एक महिना कापून टाकला.

पंधरा दिवस हे ऐकावयास सोपे, मोजावयास अवघड. नोटिशीची मुदत भाड्याच्या महिन्याच्या अखेरीसच संपली पाहिजे, असा नियम २००३ पर्यंत होता. समजा, बिऱ्हाड पहिल्या तारखेपासून पहिल्या तारखेपर्यंत आहे. मालकानें २० जूनला नोटीस दिली आणि ३० जूनला घर मोकळें करा म्हटलें, तर दिवस कमी पडले, नोटीस रद्द. त्यानें ५ जुलै ही तारीख घातली, तर दिवस पुरेसे आहेत, पण महिना तेथें संपत नाहीं; तरीहि नोटीस रद्द. भाड्याचा महिना इंग्रजी तारखेनें चालतो कीं मराठी तिथीनें यावरहि वाद उपस्थित करतां येई. एका दिवसाच्या चुकीसाठीं दोन-तीन वर्षें चाललेला दावा फेटाळला जाई आणि मालकास पहिल्यापासून आरंभ करावा लागे. नोटिशीकडे चुका शोधण्याच्या दृष्टीनें न पाहतां तिचा सरळ अर्थ घ्यावा, असें प्रिव्ही कौन्सिलनें १९१८ सालींच सांगितलें होतें. तरी तारखेचा नियम हा नियमच राहिला. वकिलांस यांत काम मिळालें एवढें खरें.

याहून नाजूक प्रश्न पैशांचा. मुदत संपली, भाडेकरू उठला नाहीं, आणि पहिल्या तारखेस त्यानें नेहमींप्रमाणें भाडें आणून दिलें. मालकानें तें घेतलें. आतां काय? कायदा म्हणतो कीं, मुदतीनंतर मालकानें भाडें स्वीकारलें किंवा दुसऱ्या रीतीनें संमति दिली, तर तोच पट्टा पुढें महिन्यामहिन्यानें चालू झाला असें समजावें. म्हणजे नोटीस नको अशी जी स्थिति होती ती गेली आणि पुन्हां पंधरा दिवसांची नोटीस आली. नोटीस देऊन तिची मुदत संपल्यावर मालकानें पुढच्या महिन्याचें भाडें भाडें म्हणून घेतलें, तर ती नोटीसहि सोडून दिल्यासारखी होते. उलट, संमति नसतांना जो राहतो तो भाडेकरू नव्हे. त्यानें द्यावयाचें तें भाडें नसून जागा अडवून ठेवल्याची भरपाई होय, आणि ती जुन्या भाड्याइतकीच असेल असें नाहीं, त्या जागेचें बाजारांत जें मोल असेल तितकी ती होऊं शकते.

यावरून शहाण्या मालकानें मुदतीनंतर भाडें घेण्याचें सोडलें, आणि शहाण्या भाडेकरूनें तें मनिऑर्डरीनें पाठविण्यास आरंभ केला. पोस्टमननें ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आणलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्या भाडेकरू जपून ठेवी, कारण पुढें दाव्यांत थकबाकीचा आरोप आला म्हणजे त्याच त्याच्या कामीं येणार. एकाच वाड्यांत, एकाच नळावर पाणी भरणाऱ्या दोन कुटुंबांमध्यें पोस्टाचें खातें उभें राहिलें. त्या विधवा मालकिणीचें मात्र यांत दुहेरी नुकसान होई. पैसे घेतले तर हक्क जातो, न घेतले तर चूल पेटत नाहीं. ‘नुकसानभरपाई म्हणून, हक्कास बाध न येतां’ असें पावतीवर लिहून रक्कम घेण्याची जी युक्ति निघाली, ती अशाच अडचणींतून.

दुसऱ्या महायुद्धांत शहरांत जागा मिळेनाशा झाल्या आणि भाडीं चढलीं. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनें १९४६ सालीं जागा भाड्यानें देण्याच्या नियमनाचा कायदा केला. १९४७ नंतर सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें अकोल्यास व अमरावतीस वसलीं, आणि घरांची टंचाई आणखी वाढली. त्या कायद्याखालीं १९४९ मध्यें घरें भाड्यानें देणें व भाडे नियंत्रण यांविषयींचा हुकूम निघाला. पुढें पन्नास वर्षें वऱ्हाडांतील घरमालक आणि भाडेकरू यांचें नातें या एका हुकुमानें बांधलेलें होतें.

त्या हुकुमाचें तेरावें कलम हें त्याचें मर्म. भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी आधीं घेतल्याशिवाय मालकास पट्टा संपविणारी नोटीसच देतां येत नसे. आणि ज्या पट्ट्याची मुदत आपोआप संपणारी असे तेथेंहि, भाडेकरू राहण्यास तयार असेल तर परवानगीखेरीज त्यास उठवितां येत नसे. १८८२ च्या कायद्यानें मुदतीस जें बळ दिलें होतें तें येथें काढून घेतलें. परवानगी मिळण्यास कारण दाखवावें लागे : तीन महिन्यांचें भाडें थकलें आहे, भाडें देण्यांत नेहमींच कुचराई होते, संमतीवांचून पोटभाडेकरू ठेवला आहे, घराची मोठी दुरुस्ती करावयाची आहे, अथवा मालकास स्वतः राहण्यासाठीं घर खरोखरीच हवें असून त्या गांवांत राहावयास त्याचें दुसरें घर नाहीं. नियंत्रकाकडे अर्ज, तेथें पुरावा, त्यावर जिल्हाधिकाऱ्याकडे अपील; परवानगी हातीं आली म्हणजे मग पंधरा दिवसांची नोटीस, आणि नंतर दिवाणी न्यायालयांत दावा. त्या दाव्यांत पुन्हां अपिलें. तरुणपणीं अर्ज केलेल्या मालकाच्या नातवाच्या हातीं ताबा यावा असे प्रकार वऱ्हाडांत अपूर्व नव्हते.

१ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला तेव्हां एका राज्यांत घरभाड्याचे तीन कायदे नांदूं लागले. पुण्याच्या भाडेकरूस मुंबईचा १९४७ चा कायदा, औरंगाबादच्या भाडेकरूस हैदराबादचा १९५४ चा कायदा, आणि अमरावतीच्या भाडेकरूस मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा हुकूम. ज्या दोन राज्यांनीं हे नियम केले तीं राज्यें नकाशावरून गेलीं, नियम मात्र राहिले. बदली होऊन पुण्याहून अकोल्यास आलेल्या गृहस्थास आपले हक्क नव्यानें शिकावे लागत.

या काळांत सर्वोच्च न्यायालयानें दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पट्ट्याची मुदत संपल्यावरहि भाडे नियंत्रण कायद्यानें ज्याचें संरक्षण होतें त्याच्याकडून मालकानें भाडें घेतलें, तर केवळ तेवढ्यावरून नवा पट्टा झाला असें म्हणतां येणार नाहीं. मालकास उठवितांच येत नसेल तर त्यानें पैसे घेतले यांत संमति कसली? मुंबईकडील एका खटल्यांत १९७२ सालीं हें ठरलें. न्याय्य निकाल, यांत शंका नाहीं. मनिऑर्डरीची भीति त्यानें बरीच कमी झाली. दुसरा निकाल १९७९ चा, सात न्यायाधीशांचा. भाडे नियंत्रण कायद्यांतील कारण दाखवून ताबा मागावयाचा असेल तर १८८२ च्या कायद्याची पंधरा दिवसांची नोटीस निराळी देण्याची जरूर नाहीं, असें त्यांत ठरलें. बहुतेक राज्यांत त्यामुळें नोटिशीच्या तारखांचे वाद संपले. वऱ्हाडांत मात्र नियंत्रक ताबा देत नसे, केवळ नोटीस देण्याची परवानगी देई. तेव्हां परवानगी हें एक पाऊल आणि नोटीस हें दुसरें, ही जोडी १९४९ चा हुकूम असेपर्यंत चालूच राहिली.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सुरू झाला आणि तिन्ही जुने कायदे एकदम गेले. आधींच चालू असलेले अर्ज व दावे मात्र जुन्या नियमांनींच पुढें चालले, त्यामुळें अमरावती व अकोल्याच्या न्यायालयांत १९४९ चा हुकूम त्यानंतरहि पुष्कळ दिवस वाचला जात होता. नव्या कायद्यांत नियंत्रकाच्या परवानगीची पायरी नाहीं. थकबाकीसाठीं दावा लावण्यापूर्वीं मालकानें लेखी मागणी करून नव्वद दिवस थांबावें. दावा लागल्यावरहि समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूनें थकलेलें भाडें पंधरा टक्के व्याजासह व दाव्याच्या खर्चासह भरलें, तर थकबाकीच्या कारणावरून त्यास उठवितां येत नाहीं. भाड्याची लेखी पावती देणें मालकावर बंधनकारक आहे, आणि ती न देणें हा गुन्हा आहे. भाडें दरसाल चार टक्क्यांनीं वाढवितां येतें. पोस्टाच्या पावत्यांवर दिवस काढलेल्या पिढीस पावतीचें हें कलम पाहून हायसें वाटलें असेल.

परंतु नव्या कायद्याचें खरें नवेपण भाडेकरूंच्या कलमांत नसून चोविसाव्या कलमांत आहे. राहण्यासाठीं भाडेपट्टा न करतां केवळ वापरण्याचा परवाना द्यावा, ज्यास लोक लीव्ह अँड लायसन्स म्हणतात, तर मुदत संपतांच परवानाधारकानें जागा सोडलीच पाहिजे. येथें नोटीस नाहीं, कारण नाहीं, नियंत्रक नाहीं. तो उठला नाहीं तर मालकानें दिवाणी दावा न लावतां सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठीं ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई घ्यावी. १९४९ च्या हुकुमानें मुदतीचें बळ सबंध काढून घेतलें होतें. या कलमानें तें व्याजासकट परत केलें. अकरा महिने हा आंकडा तसाच राहिला, जरी त्याचें मूळ कारण गेलें, कारण असा करार आतां कितीहि दिवसांचा असला तरी लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे. नोंदणी करून देण्याची जबाबदारी मालकाची, आणि त्यानें ती केली नाहीं तर अटींविषयीं भाडेकरू जें सांगेल तें खरें धरून चालावें लागतें. केंद्र सरकारनें २०२१ सालीं राज्यांपुढें जो नमुना कायदा ठेवला त्यांत तर मुदतीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांसाठीं दुप्पट आणि पुढें चौपट भाडें सुचविलें आहे.

वऱ्हाडांतील ज्या शहरवासीयांस आपण कोणाचेहि भाडेकरू नाहीं असें वाटतें, त्यांच्यापैकीं कित्येकांचें घर नझूल जमिनीवर उभें आहे. भिंती आपल्या, छप्पर आपलें, जमीन सरकारनें बहुधा तीस वर्षांच्या पट्ट्यानें दिलेली. वडिलांनीं पट्टा घेतला, त्याची मुदत कधीं संपली तें मुलांस ठाऊक नाहीं, आणि मालक म्हणजे सरकार असल्यामुळें पहिल्या तारखेस दारांत येऊन कोणी विचारीत नाहीं. घर विकावयाचें किंवा बँकेकडे तारण ठेवावयाचें म्हटलें म्हणजे पट्ट्याचें नूतनीकरण राहिलें आहे हें कळतें, आणि मधल्या वर्षांच्या भाड्याची आकारणी पुढें येते. नागपूर व अमरावती विभागांतील अशा राहत्या जमिनी अधिमूल्य भरून पूर्ण मालकीच्या करून घेण्याची वाट सरकारनें २०१९ सालीं मोकळी केली. ज्यांच्या कपाटांत अमरावतीच्या कॅम्पांतील किंवा अकोल्याच्या जुन्या वस्तींतील घराचे कागद आहेत, त्यांनीं त्यांतील पट्ट्याची शेवटची तारीख एकदां वाचून पाहावी.